हसनाबादचा एक घोट

सून सासऱ्यांना पाणी मोजून देते, ही बातमी मस्तगडातल्या आमच्या गल्लीत पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू भरलेला तांब्या घेऊन आल्या. "आमची टाकी भरलेली आहे, लागलं तर सांगत जा," म्हणाल्या, आणि तांब्या माझ्या हातात न देता थेट सासऱ्यांच्या हातात दिला. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. त्यामुळे पाणी जपून वापरणाऱ्या बायका काकूंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. इतकी पोचलेली त्यांना पहिल्यांदाच दिसली असावी.

मोजून देत होते हे खरंच होतं. दिवसाला एक लिटर, चहा आणि ताक धरून. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते तशी रेघांची बाटली मी आणली होती. सकाळी ती भरायची आणि दिवसभर त्यातूनच द्यायचं. गोळीबरोबर इतकं, जेवताना इतकं, दुपारी इतकं. वाटणी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली होती. नवऱ्याने तो कागद वाचला आणि "कालव्याचं आवर्तन सोडतात तसं दिसतंय," एवढंच म्हणून तो कामाला गेला. तो बियाण्यांच्या कंपनीत आहे. घरातल्या पिकाकडे त्याचं लक्ष कमी असतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. वय ऐंशीला टेकलेलं. जमीन हसनाबादला, ती आता बटईने दिलेली. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे जालन्यात राहतात, पण आठवड्यातून एकदा एसटीने गावाकडे जातात. शेत बघायला, असं सांगतात. शेत अर्ध्या तासात बघून होतं. उरलेला दिवस त्यांच्या दोस्ताच्या ओट्यावर जातो. या दोस्ताला सगळं गाव चाचा म्हणतं. मामा त्यांना भाई म्हणतात आणि ते मामांना भाऊ. एकच नातं दोघांनी आपापल्या भाषेत वाटून घेतलेलं.

पाणी पिणं ही मामांची कला होती. तांब्या वर धरायचा, ओठ लावायचा नाही, मध्ये श्वास घ्यायचा नाही आणि पूर्ण रिकामा करायचा. पाहुण्यांना दाखवण्यासारखी आमच्या घरात एवढी एकच गोष्ट होती. त्यातच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की म्हातारपणी जितकं पाणी प्याल तितकं रक्त साफ. मग काय, सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे.

त्या वर्षी गालातली शीर ठणकते म्हणून त्यांना एक गोळी सुरू झाली. ठणका थांबला. पण महिन्याभरात मामा बदलले. डोकं जड म्हणायचे, चालताना भिंत धरायचे. एकदा कुलूप लावून किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. मी वय झालं असं निदान केलं. मला निदान करायची सवय आहे, अधिकार नाही. मग एका सकाळी ते शर्टाची बटणं लावायला बसले आणि पाऊण तास लावतच राहिले. तेव्हा मात्र गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फारच खाली गेलेलं. दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. म्हणाले, गोळीमुळे झालंय. मूत्रपिंडातली पाण्याची दारं उघडीच राहिली आहेत, जास्तीचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी परत रक्तात येतंय. मीठ कमी झालेलं नाही, पाण्याने पातळ झालंय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ॲक्वापोरिन. तुम्ही बायोलॉजीच्या मॅडम ना, शिकवत असाल."

शिकवत होते. आधी घनसावंगीला चार वर्षं, मग जालन्यात. वीस वर्षांहून जास्त काळ अकरावीच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवलंय. पेशीचं पटल चरबीचं असतं, पाण्याला सहज आत-बाहेर करू देत नाही. म्हणून त्यात प्रथिनांची बारीक दारं बसवलेली असतात. इतकी अरुंद की पाण्याचे कण एकामागे एक, रांगेतच जातात. मीठ जात नाही. मूत्रपिंडाच्या नळ्यांत तर ही दारं पेशीच्या पोटात पिशव्यांमध्ये ठेवलेली असतात. मेंदूकडून निरोप आला की ती येऊन पटलात बसतात आणि पाणी परत घेतात. निरोप थांबला की पुन्हा आत. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. तेच माझ्या घरात, माझ्या समोरच्या खुर्चीत घडत होतं आणि मी फ्रिजमधली किल्ली काढून त्यांना चार शब्द सुनावले होते. पाच मार्कांचा प्रश्न. मला त्यात शून्य.

गोळी बदलली. पण मीठ पूर्ण वर येईपर्यंत पाणी दिवसाला एक लिटर. घरी आल्यावर मी मामांना समजावून सांगितलं.

"तुमच्या रक्तात पाणी जास्त झालंय."

"जालन्यात?" मामा म्हणाले.

"हो, जालन्यात."

"मीठ कमी झालं म्हणत व्हता ना डॉक्टर? मंग मीठ वाढव. पाणी कशाला तोडून राह्यली?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे सगळा जिल्हा टँकरची वाट पाहून राह्यला, अन मीच एकटा भरून वाहून राह्यलो."

पटलं नव्हतं, पण बटणांची सकाळ त्यांना आठवत होती. ते स्वतःच घाबरले होते. बाटलीवरच्या रेघा ते माझ्यापेक्षा बारकाईने बघायला लागले.

अडचण लोकांची होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा कारण सांगायचे आणि प्रत्येक जण डॉक्टर व्हायचा. पाणी कमी प्यायला सांगतात असं कुठं असतं का? एकाने जिऱ्याचं पाणी सांगितलं, एकाने शहाळं आणूनच ठेवलं, काकूंचा तांब्या तर चालूच. आठवडाभर हे बघून मी मामांना ताकीद दिली.

"कुणाला कारणं सांगत बसायचं नाही. कुणी पाणी दिलं की 'नको' म्हणायचं. विषय संपला."

"नुसतं नको?"

"नुसतं नको. कारण दिलं की लोक वाद घालतात."

आयुष्यभर मी वर्ग असाच चालवला आहे आणि तो बरा चालला आहे. त्यामुळे हा नियम घराबाहेर कुठे जाऊन धडकेल याचा विचार मी केला नाही.

पंधरा दिवसांनी मीठ थोडं वर आलं. डॉक्टर म्हणाले, फिरू द्या, पण पाणी अजून महिनाभर मोजूनच. मामा लगेच हसनाबादला गेले. चाचांच्या धाकट्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि त्यात मामांचं काम होतं.

ते काम असं. चाचांच्या घरी लग्न असलं की गावातल्या शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळा मांडव, वेगळी चूल, वेगळी भांडी असतात. ती चूल मामांची. आचारी ते ठरवणार, भांडी ते आणणार, आणि जेवण होईपर्यंत चुलीशेजारी खुर्ची टाकून बसणार. मामा तिथं बसलेत म्हटल्यावर कुणी काही विचारायचं नाही. चाचांच्या घरातली सगळी लग्नं अशीच झाली. आता ही शेवटची नात, म्हणजे त्या चुलीची शेवटची पाळी. मामांनी दवाखान्यात सलाइन लावलेल्या हाताने वांग्यांचा अंदाज केला होता.

त्या दिवशी ते दुपारच्याच गाडीने परत आले. एरवी दिवेलागणीला येतात. पुढच्या आठवड्यात गावाला गेले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मी बाटली भरायची, ते रेघेपर्यंत प्यायचे आणि खिडकीशी बसायचे. मला वाटलं, मीठ पुन्हा उतरलं. रक्त तपासलं, तर उलट चढलेलं.

मग आमची जमीन करणाऱ्याचा कापसाबद्दल फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, मामांचं अन चाचांचं काय बिनसलं काय? चाचांनी लग्नातली चूल किराणावाल्याला सांगितली."

मी फोन ठेवून मामांसमोर जाऊन बसले. "तिथं काय झालं?"

"काय न्हाई. पाणी आणलं, नको म्हणलं. सरबत आणलं, नको म्हणलं. चहा आणला, नको म्हणलं."

"का नको ते सांगितलं नाही?"

"तूच म्हणली, कारण सांगायचं न्हाई. विषय संपला." मग म्हणाले, "संपला खरंच."

मामा जन्मात कुणाचं ऐकत नाहीत. ऐकायला त्यांनी नेमकी ही एक गोष्ट निवडली होती.

यात नुसत्या पाहुणचाराचा प्रश्न नव्हता हे मला कळत होतं. माझ्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा गावात कशावरून तरी तेढ पडली होती. लोक एकमेकांच्या ओट्यावर पाणी घेईनासे झाले होते. कुणी भांडत नव्हतं, फक्त "नको" म्हणत होतं. त्या दिवसांत मामा रोज सकाळी चाचांच्या ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि तांब्या वर धरून पूर्ण रिकामा करायचे. बोलायचे काही नाहीत. पंधरा दिवसांत तेढ निवली. आता त्याच माणसाने, त्याच ओट्यावर, कारण न देता तीनदा "नको" म्हटलं होतं. चाचांनी जो अर्थ घेतला तो घेतला नसता तरच नवल. चूक मामांची नव्हती, चाचांची तर नव्हतीच. उरलं कोण ते मला मोजता येत होतं.

रविवारी मी मामांना म्हटलं, चला. ते नको म्हणाले. मी कारण विचारलं नाही, गाडीत बसवलं. बाटली बरोबर घेतली.

चाचा ओट्यावरच होते. मामांना बघून उठले, आणि आतून खुर्च्या मागवल्या. एरवी दोघं एकाच बाजेवर बसतात. खुर्च्या आल्या तेव्हा मामांचा चेहरा उतरला.

"या, बसा. तब्येत बरी आहे ना आपली?" चाचा म्हणाले. पन्नास वर्षांत "आपली" पहिल्यांदाच आलं असेल. चाची दाराशी आल्या, आणि तिथूनच नवऱ्याला विचारलं, "पानी लाऊं? पियेंगे?"

चाचांनी उत्तर द्यायच्या आधी मीच बोलले.

"चाचा, डॉक्टरांनी यांचं पाणी तोडलंय. दिवसाला एक लिटर. आणि कारण सांगू नका असं यांना मी सांगितलं होतं."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं. "पाणी तोडलं? पाण्यानं माणूस मरतो का?"

"पुरात मरतो," मामा म्हणाले.

"तू गप. सूनबाईला बोलू दे."

तो "तू" ऐकून मला जरा बरं वाटलं. पण चाचांना पटलेलं नव्हतं. बनवाबनवी वाटत होती. सुनेला पुढं करून मामा सारवासारव करताहेत, असा भाव चेहऱ्यावर होता. मी मूत्रपिंड, नळ्या, पटल असं सुरू केलं आणि दोघांचे चेहरे वर्गातल्या शेवटच्या बाकासारखे झाले. ओट्याच्या बाजूलाच चाचांचे मेथी-कांद्याचे वाफे होते. मोटर चालू होती, दंडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, पाणी चाललं होतं. मी चप्पल काढून खाली उतरले आणि फावडं उचललं.

"हे बघा. वाफ्यात पाणी घ्यायचं तर काय करता?"

"दारं धरतो," चाचा म्हणाले. दंडाची माती फोडून पाणी वाफ्यात घ्यायचं आणि वाफा भरला की माती लोटून ते दार बंद करायचं, याला दारं धरणं म्हणतात. हे त्या दोघांनी आयुष्यभर एकमेकांच्या शेतात केलेलं काम.

मी एक दार फोडलं. "शरीरातही अशी दारं आहेत. पाणी कमी असलं की मेंदू हाक मारतो, दार उघडा, पाणी आत घ्या. भरलं की हाक थांबते, दारं बंद. मामांच्या गोळीने काय केलं, हाक थांबूच दिली नाही. दार उघडंच. वाफा भरला तरी पाणी येतंय. वरून हे दोन-दोन तांबे ओततायत."

वाफ्यात पाणी चढत होतं, मेथी आडवी पडायला लागली होती. चाचा बघत होते. मग त्यांनी विचारलं, "अन खत? पाण्यासंगं खत पण आत यील ना मंग?"

"नाही. हे दार फक्त पाण्याला ओळखतं. मीठ त्यातून येत नाही. म्हणून पाणी वाढलं आणि मीठ पातळ झालं."

"मंग डोकं फिरणारच," चाचा म्हणाले. "बिलकुल बराबर. पातळ झालं तर जोर कुठून राहील."

वीस वर्षांत एकाही पोराने हा प्रश्न स्वतःहून विचारला नव्हता. मला चाचांना पाच पैकी पाच द्यावेसे वाटले.

"आता ते दार लावा मॅडम," ते म्हणाले. "माझी मेथी मरून राह्यली."

मी माती लोटली. फावडं घेऊन वर आले तेव्हा चाचा मामांसमोर उभे होते.

"सांगायला काय झाल्तं रे?"

"सूनबाईचा हुकूम व्हता."

"तू कधीपास्नं कोणाचं ऐकायला लागला?"

"मीठ कमी झाल्तं ना."

चाचांना हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, एक लिटर म्हणता. त्यात आमचा एक घोट बसत न्हाई का? एक घोट?"

अर्थातच बसत होता. डॉक्टर लिटर म्हणाले होते, "नको" मी म्हटलं होतं. सगळं लिटर मी घरच्या घरी वाटून टाकलं होतं. गोळी, जेवण, दुपार, चहा. कागदावर बाहेरच्या माणसाची ओळच नव्हती. माझ्या हिशेबात मामा फक्त माझ्याच घरी पाणी पिणारे होते.

"बसतो," मी म्हटलं.

चाचींनी पोरांचं औषध मोजायची छोटी वाटी आणली, काठोकाठ भरून. मामांनी ती वर धरली, ओठ न लावता, तांब्या धरतात तशीच. एक घोट. मध्ये श्वास घ्यायचा प्रश्नच नव्हता. मग ते खुर्चीवरून उठून बाजेवर जाऊन बसले. खुर्च्या आत गेल्या.

मी बाटलीतलं तेवढं पाणी मेथीच्या वाफ्यात ओतून दिलं. हिशेब हिशेबच असतो.

चुलीचं मात्र जमलं नाही. किराणावाल्याला शब्द दिला होता, त्याने सामानही भरलं होतं. चाचा म्हणाले, दिलेला शब्द कसा फिरवू. मामा म्हणाले, फिरवू नको. म्हणाले ते बरोबरच होतं, पण ही शेवटची पाळी होती. परतताना गाडीने हसनाबादची हद्द सोडल्यावर मामा म्हणाले, "त्याला वांग्यातलं काय कळतं."

लग्नाच्या आदल्या दिवशी चाचांचा फोन आला, मामांना नाही, मला. "भाऊला सकाळी जल्दी पाठवा. पाण्याचं काम त्याच्याकडं."

"पाण्याचं?"

"दोन्ही मांडवाचं. जार, ड्रम, टँकर, सगळं. मागच्या लग्नात अर्धे जार कुठं गेले कळलं न्हाई. ज्याला स्वतःला प्यायचं न्हाई त्याच्या हातात पाणी दिलेलं बरं."

आम्ही दुपारी पोचलो तेव्हा मामा दोन मांडवांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. खिशात ती औषधाची वाटी. बिर्याणीवाले आणि वांग्याची भाजीवाले, दोघांनाही तिथूनच पाणी न्यावं लागत होतं. कुणी ग्लास अर्धा टाकून उठलं की मामा त्याला परत बोलवायचे. शेजारी चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत होते की भाऊच्या पोटात बारीक दारं असतात, ती मध्यंतरी फुटली होती, सूनबाईने येऊन फावड्यानं बुजवली. मी दुरुस्त करायला निघाले आणि सोडून दिलं. उन्हाचं कोण वाद घालतं.

वांग्याची भाजी तिखट झाली होती. मी एक ग्लास पाणी प्यायले आणि दुसऱ्यासाठी मामांसमोर हात पुढे केला. त्यांनी ड्रमच्या तोटीवर हात ठेवला, पण तोटी उघडली नाही.

"कारण सांगा, मॅडम," म्हणाले.